पाहिलेला किडा आणि ऐकलेला किडा

प्रश्न नाशिकच्याच एका शाळेतल्या मराठीच्या बाईंचा आहे. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, शाळेत मराठी भाषा गौरव दिनाचं प्रदर्शन असतं. यंदा आठवीच्या मुलांनी ‘साहित्यातले किडे’ हा विषय धरून ठेवलाय. बाई विचारतात: अभंग, कविता, गाणी, कला, सिनेमे यांत किडे कुठेकुठे येतात? आणि शास्त्राला धरून त्यातलं किती बरोबर, किती चूक, असा तक्ता करून द्याल का?

बाई, तक्ता करू नका. दोन रकाने आखलेत की मुलं अर्ध्या तासात सगळ्या संतांना नापास करून मोकळी होतील. मी तीस वर्षं कीटकशास्त्र शिकवलं. आता निवृत्तीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उडद्या, फुलकिडे आणि पिठ्या ढेकूण यांच्या मागे फिरतो. साहित्याचा मी नुसता वाचक आहे, पण वाचताना एक सवय लागलीय. किडा दिसला की मी विचारतो, लिहिणाऱ्यानं हा पाहिलाय की ऐकलाय? मुलांना हा प्रश्न द्या. त्यातून ‘बरोबर-चूक’ आपोआप बाहेर येतं आणि वर बरंच काही हाती लागतं.

सुरुवात ज्ञानेश्वरीपासून करा. पहिल्याच अध्यायात अर्जुनाचं मन आप्तांना पाहून विरघळतं, तिथे माउली म्हणतात: ‘जैसा भ्रमर भेदी कोडें । भलतैसें काष्ठ कोरडें । परि कळिकेमाजी सांपडे । कोंवळिये ॥’ वाळकं लाकूड सहज भेदणारा भुंगा कोवळ्या कळीत अडकतो. पुढच्या ओवीत तो प्राण देतो, पण कमळाची पाकळी चिरत नाही. आता यातला पहिला अर्धा भाग नीट बघा. संस्कृत काव्यातला भ्रमर एरवी कमळावर गुणगुणण्यापलीकडे फारसं काही करत नाही. इथला भ्रमर लाकूड कोरतो, आणि तेही कोरडं. हा आपला काळा, जाडजूड, निळसर पंखांचा भुंगा. जुन्या नाशकातल्या कुठल्याही वाड्यात सागवानी तुळईच्या खालच्या अंगाला गिरमिटानं पाडल्यासारखं गोल भोक दिसेल आणि जमिनीवर पिवळसर भुशाची बारीक रास. द्राक्षाच्या मांडवाच्या बांबूलाही तो सोडत नाही. ओल्या लाकडाच्या वाट्याला मात्र सहसा जात नाही. ‘कोरडें’ हा शब्द यमकासाठी आलेला नाही, तो पाहून आलेला आहे.

दुसरा अर्धा भाग, कळीत अडकून मरण्याचा, परंपरेतून आलाय. कमळ रात्री मिटतं हे खरं. आत छोटे भुंगेरे राहतात हेही खरं. कमळाचं फूल स्वतः उष्णता निर्माण करतं, त्यामुळे त्यांची रात्र उबेत जाते. सकाळी पाकळ्या उघडल्या की ते परागकण माखून दुसऱ्या फुलाकडे निघतात. मरत कोणीच नाही. म्हणजे एकाच ओवीत पाहिलेला भुंगा आणि ऐकलेला भुंगा शेजारी बसलेत, आणि दृष्टांत उभा आहे तो पहिल्याच्या जोरावर.

आता माझ्या आवडीचं प्रकरण: कुंभारीण, म्हणजे मातीचं घर बांधणारी, गांधीलमाशीच्या जातीतली माशी. कीटक-भृंगी न्याय तुम्हाला माहीत असेल. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. त्यांत पतंग आहे, मधमाशी आहे, कोळी आहे आणि अगदी शेवटी ही कुंभारीण आहे. एकनाथी भागवत याच स्कंधावरचं, त्यामुळे ती आपल्या कीर्तनांतून घरोघरी पोचली. गोष्ट अशी की कुंभारीण एक अळी आणून मातीच्या घरात कोंडते, अळी भीतीनं तिचंच ध्यान करत राहते आणि शेवटी स्वतःच कुंभारीण होऊन बाहेर पडते. ध्यानानं जीव ध्येयरूप होतो, हा त्यातला उपदेश.

मी हे घर फोडून पाहिलंय. दिंडोरीच्या एका बागेत मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीमागे लिंबाएवढं मडकं चिकटलेलं होतं, तोंडाला चंबूसारखी किनार काढलेली. चाकूच्या टोकानं एक कड उचलली. आत हिरव्या अळ्या दाटीवाटीनं बसवल्या होत्या. सुईनं टोचलं की अंग किंचित आकसायचं, पण एकही सरकली नाही. मेलेल्या नव्हत्या, लुळ्या होत्या. नांगी मारून त्यांना जिवंत पण हलता न येणारं करून ठेवलेलं असतं, म्हणजे मांस ताजं राहतं. आणि छताला केसासारख्या बारीक धाग्यानं टांगलेलं एक पांढरं अंडं. त्या अंड्यातून निघालेलं पिल्लू अळ्या एकेक करून खातं, कोष करतं आणि कुंभारीण होऊन भिंत फोडून बाहेर येतं. भिंतीवर मातीच्या नळ्या लिंपणारी दुसरी कुंभारीण असते. तिच्या घरात अळ्यांऐवजी कोळी मिळतात.

मग ज्यानं पहिल्यांदा ही गोष्ट सांगितली त्यानं काय चूक केली? अळी आत गेलेली पाहिली, ते खरं. दार लिंपलेलं पाहिलं, खरं. काही दिवसांनी त्याच मडक्यातून कुंभारीण निघालेली पाहिली, तेही खरं. मधलं दिसलं नाही, कारण त्यानं मडकं फोडलं नाही. इतकंच काय, कुंभारीण गुणगुणून अळीला मंत्र देते असंही सांगतात, आणि तीही ऐकीव थाप म्हणता येणार नाही. ओली माती दाबून बसवताना ती खरोखरच पंखांचे स्नायू थरथरवून मोठ्यानं गुणगुणते. दारात उभं राहिलं तर ऐकू येतं. एवढं बारीक निरीक्षण करून निष्कर्ष साफ चुकलेला, याहून चांगलं उदाहरण विज्ञानाच्या तासाला मला आजवर मिळालेलं नाही.

तरुणपणी मी या बाबतीत आगाऊपणा केला होता. त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेत एका कीर्तनकारबुवांनी हा दृष्टांत रंगवून सांगितला. कीर्तन संपल्यावर मी पुढे जाऊन सगळं अंडं-पिल्लू प्रकरण त्यांना ऐकवलं. बुवा शांतपणे ऐकत राहिले, मग म्हणाले, “प्रोफेसर, सांगू की पुढच्या वेळी. फक्त महाप्रसादाच्या आधी नको.”

निवृत्तिनाथांचा विषय निघालाच आहे तर त्यांची धाकटी बहीण मुक्ताबाई. ‘मुंगी उडाली आकाशी, तिने गिळीले सूर्यासी’ हे कूट मुलांना पाठ असतंच. शिक्षक त्यातलं अशक्यपण समजावून सांगतात, पण मुंगीचं उडणं मुळीच अशक्य नाही. पहिल्या पावसानंतर मुंग्यांच्या बिळांतून पंखवाल्या माद्या आणि नर हजारोंनी उडतात. ‘मरण आलं की मुंगीला पंख फुटतात’ ही म्हण याच दृश्यावरून आलेली. पाहणारा बरोबर होता, अर्थ अर्धा लागला. ते पंख लग्नाचे असतात. नर मरतात, बऱ्याच माद्या पक्ष्यांच्या आणि पालींच्या पोटात जातात, पण जी वाचते ती स्वतःचे पंख मोडून टाकते, जमिनीत शिरते आणि नवी वसाहत वसवते. एक सावधगिरी मात्र सांगून ठेवा. पावसाळी संध्याकाळी दिव्याखाली पंखांचा खच पडतो तो बहुतेक वेळा मुंग्यांचा नसतो, उधईचा म्हणजे वाळवीचा असतो.

वाळवीला आपल्याकडे श्रेय मिळतच नाही. नागपंचमीला पूजा वारुळाची, मान नागाचा, लोकांच्या तोंडी घर मुंग्यांचं. शेतात उभं दिसणारं ते मातीचं वारूळ बांधलेलं असतं वाळवीनं. ‘पांढरी मुंगी’ हे तिचं नावही फसवं आहे, तिचं नातं झुरळाशी. वाल्मीकी हे नाव वल्मीकावरून, म्हणजे वारुळावरून आलेलं. पंचवटीतल्या मुलांना हे आवर्जून सांगा, रामकथेच्या आद्यकवीचं नाव या किड्याच्या बांधकामावरून पडलंय.

तुकोबांच्या मुंगीबद्दल फार लिहीत नाही. ‘लहानपण देगा देवा, मुंगी साखरेचा रवा’ यात शास्त्र तपासण्यासारखं काही नाही. ते स्वयंपाकघरात रोज दिसतं. नाथांचं ‘विंचू चावला’ हे भारूड मुलं नक्की आणतील. घ्या, पण पाटीवर लिहा की विंचवाला आठ पाय, तो कोळ्याचा नातलग. कीटकाला पाय सहाच.

एक गंमत मराठीच्या तासाला करून बघा. किड्यांच्या नावांचं लिंग तपासा. मुंगी, मधमाशी, गांधीलमाशी: सगळ्या स्त्रीलिंगी, आणि काम करताना दिसतात त्या सगळ्या खरोखरच माद्या. २००७ च्या ‘बी मूव्ही’त फुलांवर जाणाऱ्या मधमाश्या चक्क पुरुष आहेत, तशी चूक मराठीत बोलताना होणारच नाही. रातकिडा पुल्लिंगी, आणि गातो तो नरच, पुढचे पंख एकमेकांवर घासून. काजवा पुल्लिंगी, उडता उडता चमकतो तो बहुतेक वेळा नर. इथपर्यंत भाषा पैकीच्या पैकी गुण घेते. मग गडगडते. डास पुल्लिंगी, चावते मादी. भुंगा पुल्लिंगी, लाकूड कोरते मादी. आणि मुंगळा! १९७७ च्या ‘इन्कार’मधलं उषा मंगेशकरांच्या आवाजातलं ‘मुंगळा’ गाणं अजून वरातीत वाजतं. आपला अस्सल मराठी शब्द हिंदी सिनेमात गेला, गुळाची ढेप आणि मुंगळा ही जोडीही बरोबर. पण गुळावर येणारा तो काळा थोराड मुंगळा हीदेखील कामकरी मादीच असते. हे ऐकल्यावर वरातीत नाचणाऱ्यांना काही फरक पडेल असं नाही.

आता कुसुमाग्रज, कारण दिवस त्यांचा आहे. ‘विशाखा’ (१९४२) मधलं ‘पृथ्वीचे प्रेमगीत’. चंद्र, शुक्र, मंगळ, ध्रुव, धूमकेतू सगळे पृथ्वीला मागणी घालतात, आणि सूर्यावर जीव जडलेली ती म्हणते, ते भव्य तेज पाहिल्यावर ‘घेऊ गळ्याशी कसे काजवे’. पुढच्याच ओळीत या मागण्यांना ‘क्षुद्र शृंगार’ म्हटलंय. कवीनं काजवा लहानपणासाठी वापरला, हे उघड आहे. पण शृंगार हा शब्द इथे शब्दशः लागू पडतो. काजव्याचं चमकणं हा निव्वळ शृंगारच असतो. नर ठरावीक तालात चमकतो, पानाआडची मादी जमलं तर उत्तर देते. घोटीवरून तासाभरावर भंडारदऱ्याला मे अखेरीस गेलात तर हिरडा, बेहडा, सादडा यांची झाडंच्या झाडं एका लयीत उजळताना-विझताना दिसतील. तो प्रकाश थंड असतो, ऊब जवळपास नाहीच. सूर्याच्या तेजापुढे काजवा ठेवताना कवीला हे ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. मला मात्र ती तुलना त्यामुळे दुप्पट आवडते. एक तक्रारही नोंदवतो: हल्ली तिथे गाड्यांचे दिवे आणि मोबाईलच्या टॉर्च इतक्या असतात की काजव्यांना एकमेकांचं बोलणं दिसत नाही. मुलांना न्यायचं असेल तर टॉर्चला लाल जिलेटिन कागद बांधून न्या, आणि पाचोळ्यात पाय टाकू नका. त्यांच्या अळ्या तिथे महिनोन्महिने गोगलगाई खाऊन वाढतात.

दिवा आणि पतंग हे सगळ्या भारतीय कवितेचं लाडकं जोडपं. पतंग प्रेमापोटी जळतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवान कॅमेरे लावून पाहिलं तेव्हा दिसलं की पतंग दिव्याकडे झेपावत नाही, तो दिव्याकडे पाठ करतो. लाखो वर्षं रात्री उजेड वरून, आभाळातून आला. पाठ उजेडाकडे ठेवली की पतंगाला आपण सरळ उडतोय हे कळतं. दिवा शेजारी आला की तो त्यालाच आभाळ समजतो, कलंडतो आणि घिरट्या घालत राहतो. कवितेत हे अजून कुणी आणलं नसेल तर तुमच्या आठवीतल्या एखाद्यानं आणावं.

गाण्याकडे येतो. ‘मधुकर वनवन फिरत करी’ सारख्या पदांतला मधुकर बहुधा ऐकलेलाच, त्यात वेळ घालवू नका. किडा गाण्याच्या शब्दांत नसला तरी चालतो, तो तबकडीत होता! १९५० च्या दशकापर्यंतच्या, मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या काळ्या तबकड्या लाखेच्या असत. पळस, बोर, कुसुंब यांच्या फांद्यांवर मिलिमीटरभर आकाराचे लाखेचे किडे रस शोषतात आणि अंगाभोवती राळेचं कवच करतात. ती राळ खरवडून, वितळवून, गाळून तिच्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळली की तबकडी तयार. जगाला लाख प्रामुख्यानं भारतातून जायची. बालगंधर्वांचा आवाज घराघरांत पोचला तो या किड्याच्या अंगावरून सुई फिरून. पिठ्या ढेकूण हा याच किड्याचा चुलतभाऊ. द्राक्षबागायतदार त्याला शिव्या घालतात तेव्हा मला हटकून तबकडी आठवते. कुणाच्या माळ्यावर फुटकी तबकडी असेल तर आणा आणि मुलांना तिचा तुटलेला कडा हाताळू द्या. प्लॅस्टिकसारखी ती वाकत नाही, कौलासारखी तुटते.

तीच गोष्ट येवल्याच्या पैठणीची. पदरावर मोर, पोपट, कमळ, आसावली. किड्याला बुट्टीत जागा नाही, आणि सगळी साडी मात्र किड्याच्या लाळेची. रेशमाची अळी तोंडातून एकच अखंड धागा काढते. एका कोषाचा धागा साधारण सहाशे ते नऊशे मीटर भरतो. तो अखंड मिळावा म्हणून कोष वाफेवर किंवा उन्हात धरून आतला जीव मारावा लागतो. हे आठवीतल्या मुलांना सांगावं की नाही ते तुम्ही ठरवा, मी सांगतो.

आणि सोनकिडा. बाभळीवर पावसाळ्यात येणारा हिरवा चकचकीत. पूर्वी तो काडेपेटीत पाला घालून ठेवायचा खेळ होता, तांदळासारखी अंडी घातली की वर्गभर मिरवायची. त्याचा रंग रंगद्रव्याचा नसतो, कवचाच्या पातळ थरांतून उजेड परतताना तयार होतो, म्हणून किडा मेला तरी रंग उडत नाही. म्हणूनच कारागिरांनी त्याची पंखकवचं टिकलीसारखी कापडावर शिवली. १८८८ साली लंडनच्या रंगभूमीवर एलेन टेरीनं लेडी मॅक्बेथ केली तेव्हा तिच्या झग्यावर अशी सुमारे हजार कवचं होती. जॉन सिंगर सार्जंटनं तिचं त्या वेशातलं चित्रही काढलं.

परदेशातलं फार भरू नका. काफ्काची १९१५ ची ‘मेटामॉर्फोसिस’ मात्र ठेवा. आपल्याकडे सर्रास सांगतात की नायक सकाळी झुरळ होऊन उठतो. मूळ जर्मन शब्द नुसता ‘घाणेरडा उपद्रवी जीव’ अशा अर्थाचा आहे, आणि मुखपृष्ठावर तो किडा काढू नका, असं काफ्कानं प्रकाशकाला बजावलं होतं. मुलांना पुस्तकातलं वर्णन वाचून किडा काढायला लावा. चाळीस मुलं चाळीस किडे काढतील.

सिनेमावाल्यांशी माझं एकच भांडण आहे. रात्र दाखवायची की रातकिडे लावायचे, मग ती रात्र कुठलीही असो. रातकिड्याचा ताल हवेच्या तापमानावर चालतो. डॉल्बेअर नावाच्या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं १८९७ मध्ये त्याचं सूत्रच मांडलं. निफाडला जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर येतो, तेव्हा रात्री बागेत उभे राहा. शेकोटीची लाकडं फुटतात तेवढाच आवाज येतो. पडद्यावर मात्र शाल पांघरलेला नायक आणि मागे जूनमधले रातकिडे.

प्रदर्शनासाठी वस्तू म्हणून भुंग्यानं कोरलेला बांबूचा तुकडा, फुटकी तबकडी, रेशमाचा कोष आणि कुंभारणीचं मडकं एवढं पुरे. मधमाश्यांचं पोळं कुणालाही आणू देऊ नका, रिकामं दिसलं तरी. मडकं निवडताना बाजूला गोल भोक पडलेलं आहे का ते बघा. भोक असेल तर घ्या. नसेल तर तिथेच राहू द्या, आत पिल्लाचं जेवण चालू असेल.